पर्जन्यछायेतल्या गावाची शिवारफेरी: कुदळ मारण्याआधी काय पाहायचं, काय मोजायचं

माळवाट

सह्याद्रीच्या पूर्वेला माण, खटाव, सांगोला, पारनेर, सिन्नर या पट्ट्यातली बरीच गावं एकाच घडणीची. वर उघडा डोंगर किंवा माळ, मधे मुरमाड हलकी रानं, खाली ओढ्याकाठी काळी जमीन, आणि पुराच्या पाण्यापासून जरा उंचावर गावठाण. पाऊस साधारण ४५०-५०० मिलिमीटर, त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरच्या आसपास. अशा गावात पाण्याचं काम काढायचं ठरलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. या धाग्यात त्या फोनच्या आधी काय करायचं ते बोलू.

शिवारफेरी एकदा करून भागत नाही, तीनदा करावी लागते. पहिली, जोराचा पाऊस थांबल्याबरोबर अर्ध्या तासात. कोणत्या बांधावरून पाणी उलटतं, कुठे गढूळ वाहतं आणि कुठे नितळ, कोणती पायवाट ओहोळ झाली आहे, हे नंतर कळत नाही. नितळ पाणी येतं त्या बाजूचं गवत शाबूत आहे असं समजा. दुसरी फेरी दिवाळीनंतर. तेव्हा ओढ्याला धार असते, आणि ती कुठे जिरते व पुन्हा कुठे उगवते ते दिसतं. तिसरी एप्रिलअखेर. तेव्हा जिथे ओल टिकून आहे, ती गावातली सगळ्यात मोलाची जागा.

सोबत गाव नकाशा (गट नंबर असलेला), १:५०,०००चा टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा), टेप, चुन्याची फक्की, वही आणि १० लिटरची बादली घ्या. टोपोशीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीतल्या २० मीटरच्या अंतराने असतात. चर आखायला त्या पुरत नाहीत, पण पाणलोटाची कड काढायला पुरतात. ही कड आधी काढा, कारण गावाची शीव आणि पाणलोटाची कड क्वचितच जुळतात. आपल्या ओढ्याचा माथा शेजारच्या गावात असेल तर त्या गावच्या लोकांना पहिल्याच फेरीला बोलवा.

चालायचं माथ्यावरून खाली. ओढ्यापासून सुरुवात केली की नजर ओढ्यातच अडकते आणि सगळे पैसेही तिथेच जातात.

नवशिका

फार उपयोगी धागा काढलात. दोन शंका आहेत. चर आखायला ए-फ्रेम बरी की पाण्याची नळी? आणि उतार टक्क्यांत कसा काढायचा?

ओढाकाठ

दोन्ही चालतात. माणसं नवी असतील तर ए-फ्रेमने सुरुवात करा.

ए-फ्रेम: दोन मीटरच्या दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे आडवी पट्टी, आणि वरच्या टोकाला दोरीने दगड लोंबता सोडायचा. चौकटीचे पाय जमिनीवरच्या दोन खुणांवर ठेवून दोरी आडव्या पट्टीला जिथे टेकते तिथे रेघ मारा. मग चौकट उलटी फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्या खुणेवर आणि उजवा डाव्या खुणेवर. दुसरी रेघ मारा. दोन रेघांचा मध्य ही सपाटीची खूण. उलटी फिरवायची ही पायरी लोक गाळतात. मग काठी जेवढी वाकडी, तेवढी पूर्ण डोंगरभर रेषा तिरकी जाते. वारा असेल तर दगड जड घ्या.

पाणनळी: १२ मीटर पारदर्शक नळी आणि सेंटिमीटरच्या पट्ट्या चिकटवलेल्या दोन काठ्या. नळीत हवेचा एकही बुडबुडा नको. तो दिसावा म्हणून पाण्यात थोडी नीळ टाका. चालताना दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून धरायची, वाचताना दोन्ही उघडी. एक टोक बंद राहिलं तर वाचन साफ चुकतं. जी काठी उंचावर आहे तिच्यावरचा आकडा लहान येतो. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे उंचीतला फरक.

उतारासाठी, समजा १० मीटर आडव्या अंतरात आकड्यांचा फरक ५० सेंटिमीटर आला, तर उतार ५ टक्के. एका मापावर जाऊ नका, त्याच उतारावर तीन ठिकाणी घ्या. टेप जमिनीला टेकवून नका धरू, आडवा ताणा. तीव्र उतारावर ही चूक मोठी होते.

लांब रेषा आखली की शेवटच्या खुणेवरून मोजत परत पहिल्या खुणेवर या. पाचेक सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर रेषा पुन्हा.

कातळखडा

वरचं सगळं जमिनीच्या पृष्ठभागाबद्दल झालं. पोटात काय आहे तेही याच फेरीत नोंदवा. त्याला यंत्र लागत नाही, गावातल्या विहिरींचे कडे पाहिले की बरंच कळतं.

आपल्याकडचा खडक लाव्हाच्या थरांचा. एका थराचा तळ आणि मधला भाग बहुधा घट्ट काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये. थराच्या माथ्याकडे बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा खडक असतो, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी कधी लाल गेरूचा पट्टा येतो. वरचा खडक कुजून मुरूम झालेला. आपल्या साध्या विहिरींचं बहुतेक पाणी या मुरमात, भेगाळलेल्या खडकात आणि मांजऱ्याच्या वरच्या भागात असतं.

प्रत्येक विहिरीसाठी वहीत एक उभी पट्टी काढा: माती किती हात, मुरूम किती, कातळ कुठे लागला, मांजऱ्या कुठे, झिरे कोणत्या थरातून आणि कोणत्या बाजूने येतात. पंधरा-वीस विहिरींच्या पट्ट्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार शेजारी शेजारी मांडल्या की थर जुळायला लागतात. मोबाइलच्या जीपीएसची उंची यासाठी भरवशाची नाही. पाणनळीने नाहीतर डंपी लेव्हलने (तिपाईवरची दुर्बीण लावून पातळी मोजायचं यंत्र) घ्या. मग कळतं की डोंगराच्या कुशीतल्या झऱ्याचा थर खालच्या गटात अमुक विहिरीत १० मीटरवर आहे. पाणी जिरवायचं ते त्या थराच्या उघड्या तोंडाशी, म्हणजे वर डोंगरात, खाली ओढ्यात नव्हे.

आणखी एक गोष्ट शोधा. शिवारात काळ्या दगडांची सरळ रांग भिंतीसारखी गेलेली दिसते का? ती डाईक, म्हणजे जुन्या भेगेत लाव्हा शिरून गोठलेली उभी भिंत, असू शकते. घट्ट असेल तर ती जमिनीखालचं पाणी अडवते. वरच्या अंगाच्या विहिरी भरलेल्या आणि खालच्या कोरड्या असा फरक दिसला तर कारण बहुधा तेच. भेगाळलेली असेल तर उलट, तिच्या लांबीने पाणी पळतं. त्यामुळे डाईक दिसली एवढ्यावर बंधारा ठरवू नका, दोन्ही बाजूंच्या विहिरी मोजा.

नवशिका

कातळखडा, गेरू लागला की खाली पाणी लागतं असं बरेच जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

कातळखडा

अर्धवट. गेरू चिकणमातीसारखा, त्यातून पाणी सहसा आरपार जात नाही. म्हणून गेरूच्या वरच्या अंगाला पाणी साचतं आणि डोंगरउतारावर तो थर उघडा पडला की तिथे ओल किंवा झरा दिसतो. गेरूच्या खाली दुसऱ्या थराचा मांजऱ्या असतो. त्यात पाणी असेलही, पण ते तिथे कुठून येणार हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. विहिरीत गेरू लागला तर धोका वेगळाच आहे. भिजला की तो फुगतो, ढासळतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. त्या उंचीला बांधकाम करून घ्या.

बोअर घेताना गेरू फोडून खाली गेलात आणि केसिंग (भोकात घालायचा पाइप) नीट बसवली नाही, तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं. आजूबाजूच्या विहिरी आटण्याचं हे एक कारण असतं आणि ते सहसा लक्षातच येत नाही.

गवतपाती

माथ्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहिते.

डोंगर आणि माळ उघडा दिसतो म्हणून तो पडीक नाही. दख्खनचा माळ हे मुळातच गवताळ रान आहे. लांडगा, चिंकारा, धाविक, चंडोल, टिटवी ही इथली मंडळी. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं तेही अशाच गवतासाठी. फेरीत माळावर आलात की झाडं किती हे मोजू नका, गवत कोणतं ते पाहा.

नुसतं कुसळ आणि त्याहून आखूड, चरचरीत गवत असेल तर चराई जास्त झाली आहे. शेडा, पवन्या, मारवेल दिसायला लागलं तर जमीन सावरते आहे. घाणेरी आणि गाजरगवत वाढत असेल तर जमीन ढवळली गेली आहे. वेडी बाभूळ ओढ्याकडून माळाकडे चढत असेल तर लगेच नोंद करा. ती कंबरेएवढी असताना मुळासकट निघते, नंतर तोडली की दुप्पट फुटते.

मोजायची सोपी रीत: एक मीटर बाजूची चौकट बांबूची करा. माळावर सरळ रेषेत दर पन्नास पावलांवर ती टाका आणि चौकटीत किती भाग गवताने, किती दगडाने, किती उघड्या मातीने झाकला आहे ते अंदाजाने लिहा. वीस चौकटी पुरे. उघडी माती निम्म्याच्या वर असेल तर चरापेक्षा चराईबंदी आधी.

चराईबंदी म्हणजे गुरं कायमची हाकलणं नव्हे. गायरानाचे तीन-चार तुकडे करा, आळीपाळीने बंद ठेवा. गवताचं बी पडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, बंद तुकड्यात कुणी शिरायचं नाही. नंतर विळ्याने कापून न्या. मेंढपाळांचे वाडे ठरलेल्या वाटेने दरवर्षी येतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय नियम केला तर तो टिकत नाही, आणि त्यांच्यावर अन्यायही होतो. त्यांची वाट आणि पाणवठा नकाशावर दाखवा.

शिवारातली

गवतपातीताई, माळावर झाडं लावूच नयेत असं म्हणायचं आहे का? सरपण, सावली, चारा यांची गरज गावाला असतेच.

गवतपाती

लावा, पण जागा निवडून. ओघळींच्या काठाने, शेताच्या बांधावर, गावठाणाभोवती, शाळेच्या आवारात. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. मुरमाड बांधावर बोर, हिवर, कडुनिंब, बाभूळ. मोकळ्या माळाच्या मध्यावर खड्डे घेऊन रांगेत गिरिपुष्प लावलं की पाच वर्षांत खालचं गवत जातं. मेंढरांना काही उरत नाही आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षीही जातात. जिथे मातीच वीतभर आहे तिथे २ फुटांचा खड्डा म्हणजे मुरूम फोडणं. त्यात रोप जगलं तरी खुरटतं.

देवराई असेल तर तिथे चर, खड्डे, रस्ता काहीच नको. पडलेलं लाकूडसुद्धा राहू द्या. देवराईच्या खालच्या अंगाला बहुतेक वेळा जुना झरा असतो. बादली आणि घड्याळ घेऊन तो मोजा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजलं की वर्षाअखेर झऱ्याची तब्येत कळते.

माळवाट

आता चर. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

नेहमीचा सलग समतल चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. एक मीटर लांबीत ०.१८ घनमीटर, म्हणजे १८० लिटर पाणी मावतं. दोन ओळींत १० मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी १,००० मीटर चर आणि १८० घनमीटर साठा. हेक्टरभर पसरलं तर हे १८ मिलिमीटर पाणी झालं. पाणी जिरलं की चर पुन्हा भरायला मोकळा. म्हणजे मध्यम सरीतलं वाहणारं पाणी चर पेलतात, सप्टेंबरातला ढगफुटीसारखा पाऊस पेलत नाहीत. तेव्हा जादा पाणी कुठून सोडायचं ते आधी ठरवा.

निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. अगदी काठावर टाकली की पहिल्याच पावसात ती परत चरात. भरावावर पावसाच्या तोंडावर मारवेल, पवन्या किंवा स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी फेकायचं. बी खोल पुरू नका, वरवर माती ओढा.

फुटतो तो चर तळ तिरका झाल्यामुळे. कड समतल आखलेली असते, पण खणताना दगड लागला की माणूस तिथे उथळ खणतो आणि पुढे खोल. पाणी खोल टोकाला धावतं, तिथे भराव फुटतो आणि खालच्या सगळ्या ओळी एकामागून एक तोडत जातं. नवी घळ तयार होते. यावर उपाय दोन. खणून झाल्यावर तळाची पातळी पुन्हा तपासा. आणि दर पंधरा-वीस मीटरवर चरात हातभर जाडीचा न खणलेला पडदा ठेवा, म्हणजे एक कप्पा फुटला तरी बाकीचे राहतात.

काम वरच्या ओळीपासून खाली. खालून सुरू केलं आणि मधेच पाऊस आला तर माथ्याचं सगळं पाणी अर्धवट चरांवर येतं.

कुठे नको: जिथे मुळातच दाट गवत किंवा झुडपं आहेत, जिथे वीतभर मातीखाली कातळ आहे, आणि जिथे उतार उभा आहे. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय एक कुदळ नको. सातबारा पाहिल्याशिवाय गायरान धरून चालू नका.

ओढाकाठ

ओघळींसाठी अनगड दगडी बांध, म्हणजे न घडवलेले दगड सिमेंटशिवाय रचून केलेले. उंची एक मीटरच्या आत. पायासाठी वीत-दीडवीत खोल खणा, दोन्ही काठांत तेवढाच शिरवा. मोठे दगड बाहेरच्या अंगाला, लहान आत. खालचा उतार वरच्यापेक्षा पसरट. माथ्याचा मध्य काठांपेक्षा वीतभर खाली, म्हणजे पाणी मधूनच उलटेल. मध्य उंच राहिला तर पाणी काठ कापून बाजूने जातं आणि बांध ओघळीच्या मधोमध बेटासारखा उभा राहतो. निकामी झालेल्या बांधांत हे दृश्य वारंवार दिसतं.

अंतर डोळ्यांनी नको. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा सांडवा एका पातळीत हवा. ओघळीचा उतार १० टक्के आणि बांध पाऊण मीटरचा असेल तर अंतर साडेसात मीटर. दगड त्याच ओघळीच्या तळातून उपटायचे नाहीत. तळ सैल झाला की सगळंच वाहतं. आजूबाजूच्या रानातले वेचून आणा.

हे बांध पाणी साठवत नाहीत, माती अडवतात. दोन-तीन पावसाळ्यांत मागे गाळ भरला तर काम जमलं. तो गाळ काढायचा नाही. त्यावर निर्गुडी, घायपात लावा.

शिवारातली

आमच्याकडे ग्रामसभेत मुख्य मागणी ओढा खोल आणि रुंद करण्याची आहे. लोकांना ते डोळ्यांना दिसणारं काम वाटतं. २०१४च्या अखेरीस जलयुक्त शिवार आलं तेव्हापासून तर जास्तच. त्यांना काय सांगावं?

कातळखडा

ओढ्यातला वर्षानुवर्षांचा गाळ काढणं वेगळं आणि ओढ्याचा तळ फोडणं वेगळं. पहिलं बऱ्याच ठिकाणी योग्य. दुसऱ्याने नुकसान होतं, ते का होतं ते सांगतो.

दिवाळीनंतर ओढ्याला जी धार असते ती दोन्ही काठांच्या रानातल्या मुरमातून पाझरून आलेली असते. ओढ्याचा तळ चार मीटर खाली नेला की काठच्या रानातलं पाणी आणखी चार मीटर खालपर्यंत ओढ्यात उतरतं. ओढा भरलेला दिसतो, फोटो छान येतात. खरं म्हणजे ते विहिरींचंच पाणी उघड्यावर आलेलं असतं आणि उन्हात उडून जातं. मार्च ते मे या काळात उघड्या पाण्याचा थर रोज ७ ते १० मिलिमीटर उडतो. म्हणजे तीन महिन्यांत पाऊण मीटर सहज.

मुरूम संपवून कातळापर्यंत गेलात तर जिरवणारा थरच काढून टाकलात. काठ उभे तासले तर पहिल्या पुरात ढासळतात आणि शेजारच्याचं रान ओढ्यात जातं. तळातली वाळू काढली तर पुराच्या पाण्याचा वेग वाढतो, आणि वाळूत साठणारं पाणीही जातं.

म्हणून सभेत एवढंच ठरवा: आधी ओढ्याच्या तळाला दर शंभर मीटरवर एक चाचणी खड्डा हाताने घ्या. गाळ कुठे संपतो, मुरूम कुठे सुरू होतो, कातळ कुठे आहे ते लिहा. गाळ संपतो तिथे बकेट थांबली पाहिजे. काठाला उतार द्या, निदान दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर उभं). मधे मधे न खणलेले पट्टे ठेवा, नाहीतर वरच्या टोकाचं पाणी खालच्या टोकाला जमा होतं. आणि हे सगळं माथ्याची कामं झाल्यावर. आधी ओढा खणला तर डोंगराची माती दोन पावसाळ्यांत तो पुन्हा भरून काढते.

रहाटगाडगे

कातळखडा यांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमाखर्च, मांडला की ग्रामसभेतला वाद बराच निवळतो.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. समजा गाव ९०० हेक्टरचं, पाऊस ४५० मिलिमीटर. एकूण ४०५ कोटी लिटर. आकडा ऐकून लोक खूश होतात, पण यातला सर्वांत मोठा हिस्सा माती, पिकं आणि गवत यांच्यावाटे परत हवेत जातो. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये पावसाच्या साधारण ७ टक्के पाणी भूजलात जातं असं धरायची पद्धत आहे. म्हणजे सुमारे २८ कोटी लिटर.

आता खर्च. १,५०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला ३ कोटी. ४०० गाई-म्हशींना रोज ५० लिटरप्रमाणे आणि १,००० शेळ्यामेंढ्यांना ५ लिटरप्रमाणे मिळून जवळपास ९० लाख. पिण्याचं सगळं मिळून ४ कोटी. उरले २४ कोटी.

रब्बी कांद्याला हेक्टरी साधारण ५० लाख लिटर पाणी लागतं. २४ कोटींत ४८ हेक्टर कांदा, संपलं. हरभरा त्याच्या निम्म्यात येतो, म्हणजे ९०-१०० हेक्टर. पाटाने भिजवलेला ऊस एकरी ८० लाख ते १ कोटी लिटर घेतो. चार-पाच एकर ऊस म्हणजे माणसांचं आणि जनावरांचं मिळून गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी. हे एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या पुढाकाराने नेमकं हेच होत आलं आहे. पाऊस मोजायचा, ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, मग रब्बीत काय घ्यायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. चर तर अनेक गावांनी खणले. टिकले ते पाण्याच्या खर्चावर बंधन घातलेल्या ठिकाणी.

ताळेबंदातली नेहमीची चूक: बंधाऱ्यातलं पाणी एकदा साठा म्हणून मोजतात आणि तेच जिरल्यावर पुन्हा भूजल म्हणून मोजतात. तसंच प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं विहिरीच्या पाण्याने भरलं असेल तर ते जमेत नाही, खर्चात लिहायचं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात तिरकी बाजू धरून २० लाख लिटरच्या आसपास बसतं. ते गेलं गावाच्या २८ कोटींतून.

पाटकरीण

हे सगळं पूर्वेकडचं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि जांभा दगड. तिथे हाच आराखडा जसाच्या तसा नेऊ नये. जांभ्याच्या सड्यावर (माथ्यावरच्या सपाट उघड्या कातळावर) पाणी पटकन जिरतं आणि खालच्या चिकणमातीवरून सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्याने बाहेर येतं. तिथे उतारावर चर घेऊन माती आणखी भिजवणं धोक्याचं, दरड सुटू शकते. सड्यावर पावसाळ्यात फुलणारी वनस्पती असते, तीही खणल्याने जाते.

आमच्याकडचं काम नोव्हेंबर-डिसेंबरात, वहाळाची (ओढ्याची) धार चालू असताना, तात्पुरते बंधारे घालायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊण भरायच्या, तोंड दाभणाने शिवायचं, विटांसारखे सांधे मोडत रचायच्या. दोन रांगा करून मधे चिकणमाती तुडवून भरली तर पाणी धरतं. नुसत्या वाळूच्या गोण्या गळतात. पाणी उलटायला मध्यावर एक थर कमी. मे अखेर गोण्या काढून घ्या, राहिल्या तर त्यांचे प्लॅस्टिकचे धागे पुराबरोबर खाडीत जातात.

नवशिका

पाटकरीणताई, आभार. आता शेवटचं विचारतो. विहिरी आणि पाऊस मोजायला कधीपासून सुरू करावं, आणि किती विहिरी?

रहाटगाडगे

आजपासून. काम सुरू होण्याआधीचं एक वर्ष हातात असेल तर कामाचा फरक कळतो, नाहीतर पाऊस चांगला झाला की श्रेय चराला आणि कमी झाला की दोष चराला.

विहिरी आठ ते दहा निवडा. दोन माथ्याकडे, तीन-चार मधे, बाकी ओढ्याकाठी. त्यात एक पाणलोटाबाहेरची घ्या, तुलनेसाठी. भूजल यंत्रणा वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर. गावाने दर महिन्याला मोजावं. कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा आणि नेहमी तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. मोटर आदल्या रात्रीपासून बंद हवी, शेजारच्या विहिरीचीही. सकाळी मोजा.

पातळी एक मीटर वर आली तर किती पाणी आलं? आपल्या मुरूम-बेसॉल्टमध्ये पोकळी साधारण २ टक्के धरतात. १०० हेक्टरवर १ मीटर म्हणजे २०,००० घनमीटर, २ कोटी लिटर. विहीर मीटरभर चढली तरी हेक्टरी दोन लाखच लिटर. कांद्याच्या एका हेक्टरला त्याच्या पंचवीसपट लागतं.

पर्जन्यमापक उघड्या जागी, जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. वाचन रोज सकाळी साडेआठला, शून्य असेल तरी शून्य लिहायचं. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा गावाला लावू नका, वळिवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही. गावाचा विस्तार मोठा असेल तर माथ्यावर एक आणि गावठाणात एक असे दोन ठेवा.

माळवाट

एक भर. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरचं वर्तुळ नकाशावर आखा. २००९च्या भूजल अधिनियमानुसार त्या टापूत नव्या विहिरीवर बंधन आहे. ते वर्तुळ, पंधरा-वीस विहिरींच्या पट्ट्या, गवताच्या चौकटी आणि झऱ्यांचे आकडे एकाच नकाशावर रंगवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. महिन्याचा नवा आकडा त्याच भिंतीवर खडूने चढत जाऊ दे.

नवशिका

या रविवारी पाणनळी आणि चौकट घेऊन माथ्यापासून सुरुवात करतो आहोत. विहिरींच्या पट्ट्या तयार झाल्या की इथेच मांडतो. कातळखडा, गेरूचा थर जुळतो का ते तेव्हा पाहाल का?

कातळखडा

नक्की. प्रत्येक पट्टीवर विहिरीच्या काठाची उंची लिहायला मात्र विसरू नका, त्याशिवाय थर जुळवता येत नाहीत.